प्रभारी साहेबीण

एका माणसाला निलंबित करायचा अधिकार मला नव्हता, आणि मी त्याला निलंबित केलं. नियम माहीत नव्हता म्हणावं, तर तीही सोय नाही. खात्याच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि मी पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. सरकारी नोकराला ज्याने नेमलं त्याने, किंवा त्याच्याही वरच्याने, त्याच्यावर कारवाई करायची. बाकीच्यांनी फार तर कागद वर पाठवायचा. माझ्या सासूबाई नणंदांना हेच सांगायच्या, "सून मी बघून आणलीये, बोलायचं ते मी बोलेन. तुम्हाला काही खटकलं तर मला येऊन सांगा, तिला नका सांगू." घरात रोज ऐकत होते, परीक्षेत लिहिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा विसरले. विसरले असंही नाही. त्याचंच पुढे सांगायचंय.

आता माझ्या गुडघ्यांना जिना चढायचाही अधिकार उरलेला नाही. तेव्हा अधिकार या विषयावर मी जरा मोकळेपणाने बोलू शकते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नाशकात आमचं कार्यालय होतं. खातं कोणतं, इमारत कुठली, ते विचारू नका. त्या इमारतीत आजही कोणीतरी माझ्यासारखी बसलेली असेल, तिला कशाला त्रास. आमचं खातं निवासी शाळा चालवायचं. पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली मुलंमुली तिथे राहून शिकायची. माझ्या वर एक मोठे साहेब होते आणि त्यांच्या खाली मी, दुसऱ्या नंबरची अधिकारी. त्या मजल्यावर अधिकारी म्हणून बाई मी एकटीच, आणि हे मी कोणाला विसरू द्यायचे नाही. कडक खळीची सुती साडी, मनगटावर पुरुषी पट्ट्याचं घड्याळ, आणि चालताना चपलांचा असा आवाज की शिपाई बिडी विझवायचे. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

साहेबांना दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला पुण्याला जायचं होतं. जाताना त्यांनी माझ्या नावाने आदेश काढला की, त्यांच्या अनुपस्थितीत मी दैनंदिन कामकाज पाहावं. दैनंदिन म्हणजे टपाल, रजेचे अर्ज, पगाराची बिलं, गाडीचं डिझेल. कोणाला नेमायचं नाही, कोणाला काढायचं नाही. स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या म्हणून कोणी तिजोरी उघडत नाही, तसंच ते.

पहिल्या दिवशी मी साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल नीळ घालून धुवून आणायला लावला. ज्यांनी सरकारी कार्यालयं पाहिलीत त्यांना ठाऊक असेल, साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो आणि बाकीच्यांच्या नसतो. त्या टॉवेलला पाठ लागली की माणसाचा कणा दोन इंच वाढतो. माझा तर इतका वाढला की डोकं पार तरंगायला लागलं.

दुसऱ्या दिवशी शिक्का. माझ्या सहीखाली मारायला माझ्या जुन्या पदाचा शिक्का होता, पण साहेबांच्या कागदांवर तो कसा चालणार? वास्तविक चालतो. पण मी दुपारी सीबीएसच्या एसटी स्टँडला उतरून कोर्टासमोर गेले. तिथे टायपिंगवाले आणि शिक्केवाले ओळीने बसायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याला मी साहेबांचं पद कागदावर लिहून दिलं.

"प्रभारी टाकायचं ना मॅडम, आधी?" त्याने विचारलं.

"जागा पुरणार नाही."

"पुरते की. दोन ओळींत घेतो."

"नको. गचाळ दिसतं."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब बदलले का तुमचे?"

"बदलल्यासारखेच."

"मग ठीक. आपलं काय, तुम्ही म्हणाल ते रबरावर कापतो."

तो शिक्का मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून घरी आणला आणि संध्याकाळी आमच्या यांना दाखवला. हे अंबडच्या एका कारखान्यात होते. त्यांनी शिक्का दिव्याखाली उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "छान आहे. दीड महिन्यानंतर याचं काय करायचं? मुलांना चिकटवहीवर मारायला होईल." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे मीठ-पोळी एवढंच.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर आज ही गोष्ट मी नातवंडांना जेवताना सांगितली असती.

त्या आठवड्यातच एक तक्रार आली. शहराबाहेर त्र्यंबक रस्त्याला आमची एक निवासी शाळा होती. तिथल्या सातवीतल्या एका मुलीचा हात मोडला होता. हेडमास्तरांनी कळवलं होतं, न्हाणीघरात पाय घसरून पडली. पण मुलीच्या बापाला कोणीतरी वेगळंच सांगितलं होतं. तो पेठेकडून एसटीने आला, दाराशी उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "न्हाणीत पडली तं तिच्या केसात शिमिट कुठून आलं?"

मी जीप काढली आणि न कळवता शाळेत गेले. हेडमास्तर कुठेतरी बाहेर होते. मुली माझ्याकडे बघून भिंतीला चिकटल्या. बोलली ती फक्त स्वयंपाकाची बाई. शाळेत तिला सगळे मावशी म्हणायचे, वयाने माझ्याहून लहान असूनही मीही मावशीच म्हणत होते. तीही पेठेकडचीच. तिकडच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाही. ती कलेक्टरशीही अरे-तुरे बोलली असती आणि त्यात उद्धटपणा औषधालाही नसता.

तिने मला कोठीघरात नेलं, दार लोटलं.

"नाव नको लिवू बाई माझा."

"आधी सांग तर."

"त्याचा बंगला चाललाय बांधायचा. गंगापूर रोडला. दर आयतवारी पोरी नेतो. भाजीचा टेम्पो येतो ना, त्यातच बसवून नेतो. पोरी भिंतींला पाणी मारतात, इटा वाहतात. मीच तं भाकरी बांधून देते त्यांना. ही पोर फळीवरून पडली."

"हे तू लिहून देशील?"

त्यावर तिने जे सांगितलं ते नीट ऐकायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. ती रोजंदारीवर होती, बऱ्याच वर्षांपासून. रोजंदारीवरच्यांना कायम करायची यादी वर जायची होती, आणि यादीत कोणाचं नाव घालायचं ते हेडमास्तर ठरवणार होते. कायम झाली की पगार, दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. नाही झाली तर पुन्हा डोंगरात भात-नागली आणि थंडीत द्राक्षाच्या बागांवर मजुरी. नवरा नव्हता. दोन मुलगे होते, तेही त्याच शाळेत.

"तो परत आला तं माझा काय व्हईल?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "येणार नाही."

बघा, केवढं सोपं वाक्य. आणि ज्या बाईच्या हातात फक्त टपाल आणि डिझेल होतं तिने ते म्हटलं. मावशीने हात पुसले आणि जबाबाखाली अंगठा दिला.

हेडमास्तरांना नेमलं होतं मोठ्या साहेबांनी. म्हणजे कारवाई करायची तर साहेबांनी, नाहीतर त्यांच्या वरच्यांनी. मी काय करायला हवं होतं? मावशीचा आणि मुलीच्या बापाचा जबाब जोडून एक प्रस्ताव साहेबांच्या वरच्या कार्यालयात पाठवायचा, तेही नाशकातच, रिक्षाने वीस मिनिटांवर. किंवा पुण्याला फोन लावून साहेबांना विचारायचं. कागद चार दिवस थांबला असता, बिघडलं काय असतं? पण मला भीती होती की वर पाठवलं की कागद झोपेल. ही भीती अगदीच खोटी नव्हती. आमच्याकडे कागद झोपत असत, घोरतही असत. मात्र भीती होती चार आणे. बारा आणे हे होतं की, पुरुषांना सहा महिने लागतात ते मी एका दिवसात करून दाखवते.

रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "तुझ्या साहेबांना विचारलंस?"

"साहेबांच्या खुर्चीत कोण आहे सध्या?"

"खुर्चीचं नाही विचारत. आमच्याकडे शिफ्टचा इन्चार्जसुद्धा वॉचमनला काढत नाही. कळवतो फक्त. काढायचं ते ऑफिस काढतं."

"तुमची कंपनी आहे. आमचं सरकार आहे."

"तेच म्हणतोय," हे म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी निलंबनाचा आदेश काढला. सही अशी झोकात केली की शेवटच्या अक्षराची शेपटी तारखेपर्यंत गेली. खाली तो नवा शिक्का. आठवड्याच्या आत दोषारोपपत्रही दिलं, म्हणजे तुमच्यावर हे हे आरोप आहेत, खुलासा करा, चौकशी होईल. तेही माझ्याच सहीने. दोषारोपपत्र मी स्वतः बसून लिहिलं होतं. अजून सांगते, भाषा फार चांगली होती.

मग काय, कौतुकच कौतुक. मुलीचा बाप येऊन पाया पडला; मी "अहो, अहो" म्हणत पाय मागे घेतले, पण फार मागे नाही. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ते कात्रण मी देवघराच्या खणात ठेवलं, कुंकवाच्या डबीशेजारी. आता सांगताना कान गरम होतात. देवाला रोज तेलवात करताना मी कोणाचं दर्शन घेत होते ते देवालाच ठाऊक.

साहेब परत आले. शांत माणूस होता, निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. त्यांनी मला बोलावलं, समोर फाइल होती.

"बाई, काम चांगलं केलंत. माझ्याच्याने इतक्या लवकर झालं नसतं."

मी पदर सावरला.

"फक्त हे मी परत काढतो. तुमचा आदेश मागे घ्यायचा, आणि आजच्या तारखेला माझ्या सहीने नवा काढायचा. दोषारोपपत्रही तसंच. दोन दिवसांचं काम आहे. जबाब आहेत ते आहेतच, ते कुठे जात नाहीत."

"मागे घेताना कारण काय लिहाल, सर?"

"अधिकार नसताना काढला, असं. दुसरं काय लिहिणार?"

इथे, वाचकहो, मला थांबावंसं वाटतं. खुर्चीत बसून केलेला मूर्खपणा एक वेळ मी स्वतःला माफ करते. बाई तरुण होती, टॉवेल पांढरा होता, असो. पण आता साहेबांनी चूक दाखवली होती, दुरुस्तीही पुढ्यात मांडली होती, आणि त्यात कोणाचंच काही जात नव्हतं. माझं तेवढं जात होतं. सगळ्या शाळांमध्ये माझा आदेश गेला होता. आता त्याच शाळांमध्ये पाठोपाठ कागद जाणार, की या बाईंना अधिकार नव्हता.

मी म्हणाले, "सर, बाईमाणसाने एक आदेश काढला आणि साहेबांनी तो मागे घेतला, असं होईल. हेडमास्तर पेढे वाटेल."

"दोन दिवस वाटेल. मग माझा आदेश हातात पडेल."

"लोकांना दुसरा कागद लक्षात राहत नाही, सर. पहिलाच राहतो." हे मी फार करुण स्वरात म्हटलं. डोळ्यांत पाणी आणलं होतं की आलं होतं, ते आता आठवत नाही. बहुतेक आणलं होतं. त्या काळी मला दोन्ही जमायचं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कोणी हरकत घेतली तर?"

"कोण घेणार? आरोप खरे आहेत."

"आरोप खरे असण्याचा आणि सहीचा संबंध नसतो, बाई."

"मी निस्तरीन, सर."

"बघा मग," ते म्हणाले. त्यांचा रक्तदाब वाढलेला असायचा, भांडण त्यांना नको होतं. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ती मी छातीशी धरून बाहेर आले, जिंकल्यासारखी.

चौकशी सुरू झाली. अशा चौकशीत आरोपी नोकराला आपल्या बाजूने बोलायला कोणी सोबत घेता येतो. हेडमास्तरांनी एक निवृत्त गृहस्थ आणले. सगळी नोकरी आस्थापना शाखेत काढलेले. आता दुसऱ्यांच्या चौकशा लढवणं हाच त्यांचा विरंगुळा. तपकीर ओढायचे, मोठा रुमाल बाळगायचे आणि सगळ्यांशी अदबीने बोलायचे. मावशीला आणायला प्रत्येक तारखेला आमची जीप जायची. सुट्टीच्या दिवसांत तारीख पडली तर जीप थेट तिच्या पाड्यावर. गावातली माणसं गाडीभोवती जमायची, सरकारी पाटी वाचायची. मावशी साडी बदलून, डोक्यावर पदर घेऊन गाडीत बसायची. मला तेव्हा वाटायचं, केवढा मान मिळतोय हिला.

तिने सगळं सांगितलं. भाकरी कशा बांधल्या, किती मुली गेल्या, टेम्पो कोणत्या वाटेने वळला. हेडमास्तर समोर बसलेले असताना सांगितलं. त्या गृहस्थांनी तिला फक्त दोनच गोष्टी विचारल्या, त्याही मायेने: "मावशी, भाकरी ज्वारीच्या की नागलीच्या?" आणि "मुलींना तुम्ही अडवलं नाहीत का हो?" ती म्हणाली, "मी कशी अडवू, दादा? मला कुठं कोणी अडवून दिलं कधी?" त्यांनी मान डोलावली, तपकीर ओढली. मला वाटलं, हरले बिचारे.

ते हरले नव्हते, वाट बघत होते. सगळे जबाब होऊन, आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल येऊन, शिक्षेचा कागद निघायच्या बेताला त्यांनी वरच्या कार्यालयात एक अर्ज टाकला. बंगल्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं, मुलीच्या हाताबद्दल नव्हतं. एकच मुद्दा. निलंबन आणि दोषारोपपत्र ज्यांनी दिलं त्या बाई त्या दिवशी कोण होत्या? सोबत माझ्या नावाचा तो दैनंदिन कामकाजाचा आदेश जोडलेला.

वरून निर्णय आला तेव्हा साहेब निवृत्त होऊन गेले होते. अधिकार नसलेल्या व्यक्तीने सुरू केलेली कारवाई मुळापासून रद्द. हेडमास्तरांना त्याच जागी हजर करून घ्यावं. ज्याला अधिकार आहे त्याने हवं तर नव्याने कारवाई करावी. आरोप खोटे आहेत असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. ते कोणी विचारलंच नव्हतं.

ते गृहस्थ मला जिन्यात भेटले. खाली उतरत होते, मी वर चढत होते. थांबले, नमस्कार केला.

"बाई, दोषारोपपत्र फर्मास होतं हो. मी तीस वर्षं नोकरी केली, पण असं लिहिणारं माणूस नाही पाहिलं. त्यात काना-मात्रा बदलायची गरज नव्हती."

मी त्यांना उतरायला वाट देत भिंतीकडे सरकले.

"तुमच्या साहेबांनी आल्या आल्या आपली सही केली असती, तर मी केसच घेतली नसती. मला वाटलं, त्यांच्या नजरेतून सुटलं असणार." त्यांनी रुमाल झटकला. "होतं असं. माणूस कामात असतो."

साहेबांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, हे मी त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं. साहेबांचा नसलेला दोष साहेबांच्याच पदरात राहू दिला, आणि जिना चढून जागेवर येऊन बसले.

नव्याने कारवाई करायची मुभा होती. मुभा म्हणजे रिकामं ताट. नवीन साहेब आले होते, त्यांना जुनी प्रकरणं नको होती. ज्या मुलीचा हात मोडला तिच्या बापाने तिला शाळेतून काढून नेलं, ती लग्न होऊन गुजरातच्या बाजूला गेली असं कळलं. बाकीच्या मुली दहावी होऊन पांगल्या. पुन्हा सगळ्यांचे जबाब घ्यायचे तर कोणीतरी त्या फाइलीच्या मागे लागायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. पण नवा प्रस्ताव लिहायला घेतला की पहिला परिच्छेद काय असणार? यापूर्वीची कारवाई अमुक अधिकाऱ्याने अधिकार नसताना केल्याने. त्या वाक्यापाशी मी दर वेळी पेन खाली ठेवलं. उद्या लिहू म्हणून फाइल कपाटात गेली आणि इतर फाइलींसारखीच घोरायला लागली. मला ज्याची भीती होती तेच झालं. झोपवणारी फक्त मी निघाले.

हेडमास्तर शाळेत परतले. म्हणतात, त्यांनी कोणाला एक वाईट शब्द काढला नाही. कायम करायच्या यादीत मावशीचं नाव गेलं नाही. पुढच्या महिन्यापासून रोजंदारीच्या हजेरीतूनही उतरलं, काम कमी आहे म्हणून. आणि शाळेतून बातमी पसरली की कोठीतला तांदूळ, तेल मावशी चोरून न्यायची. म्हणूनच तिला एवढ्या वेळा जीपमधून चौकशीला नेत होते. ज्या पाड्यावर सरकारी गाडी फक्त वाईट कामाला येते, तिथे ही बातमी पटायला वेळ लागला नाही.

ती एकदा कार्यालयात आली होती. दारात उभी राहिली. मी फोनवर होते. फोन संपला तरी मी कानाला धरून ठेवला, पलीकडे नुसता टूं आवाज येत होता आणि मी "हो, हो, बघते, बघते" म्हणत होते. मग तिच्याकडे वळून तेच म्हणाले, "बघते मावशी." शिपायाला तिला चहा द्यायला सांगितलं. तिने चहा प्यायला, कप धुवून ठेवला आणि गेली. धाकटा मुलगा सोबत होता. त्याला तिने शाळेतून काढलंय हे मला त्याच्या पायांवरून कळलं, शाळेच्या बुटांचे पट्टे पायांवर उन्हाने उमटतात, ते पुसले होते.

तो शिक्का मी कधी टाकून दिला, आठवत नाही.

पुढे नवं शतक उजाडलं. लोकांच्या हातात मोबाईल आले, गंगापूर रोडला बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहायला लागल्या. मला बढती मिळाली. आता खरोखरच कोणाला नेमायचा आणि काढायचा अधिकार माझ्याकडे आला, आणि मी इतकी सावध झाले की हाताखालचे लोक मला घाबरट म्हणायचे. एका कामासाठी पेठेकडे दौरा निघाला. मी ड्रायव्हरला पाड्याचं नाव सांगितलं; त्याला वाटलं, तिथली शाळा बघायची असेल. मीही तसंच वाटू दिलं. म्हणजे माफी मागायलाही मी सरकारी डिझेलवर गेले.

घर सापडलं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण. मावशी नागली पाखडत बसली होती. केस पिकले होते. तिने मला ओळखलं, सूप थांबवलं, मग पुन्हा पाखडायला लागली. मी अंगणातच बसले. गुडघे तेव्हा चांगले होते.

हेडमास्तर निवृत्त झाल्याचं मी सांगितलं. ती म्हणाली, "कळला." मुलांचं विचारलं. थोरला वणीच्या बाजूला द्राक्षबागेत होता, वर्षाचा गडी म्हणून. धाकटा भावाबरोबरच. ती स्वतः छाटणीच्या दिवसांत जायची.

मग मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, पण मुख्य ते सांगितलं. की तिचा जबाब चुकला नव्हता, कोणी पैसे खाल्ले नव्हते. माझी सही चालत नव्हती. साहेबांनी ती दुरुस्त करतो म्हटलं होतं आणि मी करू दिली नाही, कारण लोक हसतील. हे मी नवऱ्यालाही तोवर सांगितलं नव्हतं. बोलताना माझा आवाज चौकशीतल्या साक्षीदारासारखा झाला होता. कोणीतरी समोर बसून लिहून घेतंय असा.

मावशी पाखडत राहिली. कोंडा माझ्या साडीवर उडत होता, मी तो झटकला नाही. अंगणाच्या कडेला दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, जीपकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत. एक म्हातारा बांधावरून उतरला आणि ड्रायव्हरला काहीतरी विचारायला लागला. ड्रायव्हरने खांदे उडवले.

मी म्हणाले, "मी आता लिहून देते. उशीर झाला, पण तुझी काही चूक नव्हती असं माझ्या सहीने लिहून देते. आता माझी सही चालते."

तिने सूप खाली ठेवलं. बायकांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नव्हती. चुलीवर भात रटरटत होता, त्याकडे तिचं अर्धं लक्ष होतं.

म्हणाली, "जेवून जाय बाई, लांबून आलीस, उपाशी नको जाऊ. पन परत नको येऊ. तुझी गाडी दारात हुबी ऱ्हायली का लोकं माला इचारतात, आता काय चोरलास गं."